कोल्हापूरची तळी आणि आबालाल रहिमान

कोल्हापूरला पूर्वी तळ्यांचे गाव म्हणत असत. आज नव्याने आलेल्या माणसाला हे सांगितले तर त्याला पटत नाही, कारण त्याच्या नजरेला पडतो तो एकटा रंकाळा. कोणी हौसेने कळंब्याला नेतो, कोणी विद्यापीठाच्या बाजूच्या राजाराम तलावाकडे बोट दाखवतो, झाले. परंतु जुन्या पेठांतल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते बोटांवर मोजत नावे सांगतात: वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर, सिद्धाळा, पद्माळा, खंबाळा, कोटितीर्थ. कपिलतीर्थावर आज भाजी मंडई भरते. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे आहे आणि जिथे एके काळी पाणी होते तिथे आता पेठांच्या संघांचे फुटबॉल सामने रंगतात. सिद्धाळ्याची बाग झाली. नावे राहिली, पाणी गेले. मंडईत मेथीची जुडी घेणाऱ्या बाईला आपण एका तळ्याच्या तळाशी उभे आहोत, याची कल्पना नसते. तिने ती का ठेवावी, असेही कोणी म्हणेल.

मी शिरोली एमआयडीसी भागात उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. माझ्या वर्गातल्या बहुतेकांचे वडील फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये कामाला आहेत. काहींची घराणी पिढ्यान्‌पिढ्या याच जिल्ह्यातली, काही कर्नाटकातून तर काही उत्तर प्रदेशातून रोजगारासाठी आलेली. सुटीत कुठे गेला होता, असा निबंध दिला की निम्म्या वह्यांतून रंकाळा निघतो. कुणी चौपाटीवर भेळ खाल्लेली असते, कुणी भाजलेले कणीस, कुणाच्या धाकट्या बहिणीचा फुगा पाण्यावर उडून गेलेला असतो. बापाला आठवड्यातून एकदा सुटी, खिशात मोजके पैसे, आणि नेता येण्यासारखी बिनतिकिटाची जागा एवढीच. पुलाच्या शिरोलीहून पंचगंगा ओलांडली, तावडे हॉटेल गेले, कावळा नाका गेला की शहर सुरू होते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला रंकाळा. एका मुलाने मला विचारले होते, "सर, तलाव में देखने का क्या रहता?" प्रश्न भाबडा होता, पण इतिहासाचा होता. माणसे तळ्यावर नुसती बघायला कधीपासून जाऊ लागली? आमच्या पाठ्यपुस्तकांत धरणे आहेत, लढाया आहेत, किल्ले आहेत. हा प्रश्न त्यांत नाही.

जुन्या काळी तळ्यावर कोणी बघायला जात नसे. पाणी भरायला जात, धुणे धुवायला जात, जनावरे पाजायला जात, स्नानाला आणि विधीला जात. तळे बांधणे हे राजाचे पुण्यकर्म होते. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील गंडरादित्य राजाने मिरज देशातील इरुकुडी गावी गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठावर बुद्ध, जिन आणि शंकर या तिघांची स्थापना करून त्यांना जमीन नेमून दिली. शके १०३२ म्हणजे इ.स. १११० च्या ताम्रपटात ही नोंद आहे. एका तळ्याच्या काठी तीन धर्मांची दैवते, आणि तिघांचे भक्त त्याच पाण्याला येणार. आपल्या मुलुखाच्या इतिहासातली ही नोंद शाळेच्या पुस्तकात एका ओळीची जागा मिळवण्याइतकी तरी मोठी आहे, असे मला वाटते.

रंकाळ्याविषयी परंपरा सांगते ती अशी, की मुळात ती दगडाची खाण होती. कोल्हापूरची जुनी देवळे ज्या काळ्या दगडाने बांधली तो तिथून काढला. पुढे भूकंप झाला, भूगर्भातले पाणी वर आले आणि खाणीचे तळे झाले. काठच्या रंकभैरवावरून त्याचे नाव पडले असे म्हणतात. परंपरेतील भूकंप कितपत खरा यावर अभ्यासकांनी बोलावे. पण दगड काढलेल्या खड्ड्यात पाणी साठून तळे होणे आमच्या भागात आजही पाहायला मिळते, क्रशरच्या खाणी जाऊन पाहाव्यात.

भाषेचे शिक्षक म्हणून येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. तळे हा मराठीचा घरचा शब्द, आणि तलाव म्हटले की त्याचा सख्खा शेजारी तालाब आठवतो. आपल्या अंगणातला हौद हा मात्र अरबी हौज आहे. मशिदीतला वुजूचा हौज आणि वाड्यातला हौद हे एकच, पाणीही एकच. दिल्लीला सुलतान अल्तमशने मेहरौलीत हौज-ए-शम्सी बांधला आणि अल्लाउद्दीन खिलजीने हौज-ए-अलाई, ज्याला पुढे हौजखास म्हणू लागले. फिरोजशहा तुघलकाने (कारकीर्द १३५१ ते १३८८) आपल्या कामांची हकीकत लिहून ठेवली आहे, ती या विषयावर वाचण्यासारखी आहे. लोकांनी शम्सी तलावाला पाणी आणणारे मार्ग बुजवले होते, ते त्याने मोकळे केले. अलाई तलाव तर गाळाने भरून कोरडा पडला होता. लोक त्यात शेती करत होते, विहिरी खोदून पाणी विकत होते. त्याने तो उपसून पुन्हा भरवला. म्हणजे तळ्यात अतिक्रमण करणे आणि पाण्याचा धंदा करणे ही आजच्या बिल्डरांची कल्पना नव्हे, सहाशे वर्षांची जुनी चाल आहे. फरक इतकाच की तेव्हा अतिक्रमण शेतीचे होते, त्यामुळे ते उपसता आले.

कोल्हापुरातही पाणी आणणे ही एक स्वतंत्र व्यवस्था होती. शहराच्या दक्षिणेकडच्या कात्यायनीच्या डोंगराकडून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणून ते शहरातल्या हौदांत सोडले जाई. मंगळवार पेठेतला 'पाण्याचा खजिना' हे नाव त्याच व्यवस्थेचे. खजिना म्हणजे पाणी साठवण्याची जागा. तिजोरीला आणि पाण्याला एकच शब्द वापरणारी माणसे पाण्याकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, ते सांगायला नको. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत तळ्याचे पाणी घरोघर नेण्याचे काम आपल्या समाजातले पखाली करत. कातड्याची पखाल, कधी पाठीवर, कधी बैलाच्या. भिश्ती हा शब्द बहिश्तवरून आला. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला, असा त्याचा अर्थ. नळ आल्यावर हा धंदा इतका बिनबोभाट संपला की आडनावे तेवढी उरली.

पण पाणी सगळ्यांना होते का? येथे इतिहास कडू होतो. तळे सार्वजनिक, पण त्यातला 'सर्व' कोण हे जात ठरवत असे. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १९१९ साली आपल्या संस्थानात सार्वजनिक विहिरी, तलाव, धर्मशाळा यांच्या ठिकाणी अस्पृश्यांना इतरांसारखेच वागवावे, असा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, माणगाव येथे अस्पृश्य समाजाची परिषद भरली. तिचे अध्यक्ष तरुण भीमराव आंबेडकर होते, आणि शाहू महाराज स्वतः तेथे आले. हे माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होते, आज ते आमच्याच हातकणंगले तालुक्यात आहे. शिरोलीहून मोटारसायकलने सहज जाऊन येता येते.

हुकूम निघाला म्हणजे पाणी मिळाले असे होत नाही, हे सात वर्षांनी महाडला दिसले. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये बोले यांचा ठराव संमत केला होता, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले होते. कागदावर सारे ठीक होते. प्रत्यक्षात अस्पृश्यांपैकी कोणी तळ्याला हात लावू शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी परिषदेच्या लोकांवर हल्ला केला, तेव्हा काही जखमी आणि घाबरलेल्या माणसांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरायची होती आणि गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. तळ्याच्या मालकीचा खटला पुढे दहा वर्षे चालून १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने संपला. चवदार तळे आज रायगड जिल्ह्यात जाणारा प्रत्येक जण पाहतो. पाहायला जाण्यापूर्वी त्यावर नुसते पोहोचण्यासाठी एवढे करावे लागले होते.

आता कोल्हापूरच्या तळ्यांकडे परत यावे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला कळंब्याचा तलाव बांधून तेथून उताराने शहरात पाणी आणले गेले. रंकाळ्याचे भक्कम दगडी बांधकामही एकोणिसाव्या शतकाच्या त्याच शेवटच्या दशकांतले. नळाचे पाणी आले, आणि गावातल्या लहान तळ्यांवर बायकांनी घागरी घेऊन जाण्याचे कारण उरले नाही. ज्या पाण्याची गरज नाही ते पाणी घाण होते, हा नियमच आहे. शेवाळ, डास, हिवताप. मग तळे म्हणजे रोगाचे घर, ते बुजवलेले बरे, असे शहाण्या लोकांचे मत पडले, आणि ते खोटेही नव्हते. शिवाय वाढत्या शहराला मंडई हवी होती, मैदान हवे होते, बाग हवी होती, आणि शहराच्या मधोमध तळ्याएवढी मोकळी जागा दुसरीकडे कुठे मिळणार? एकेक करून तळी भरत गेली. कोणी दुष्टपणाने हे केले नाही. जे केले ते लोकांच्या सोयीसाठीच केले, आणि त्यातल्या मैदानांवर आपली मुले खेळली.

मग रंकाळा का वाचला? तो मोठा होता हे खरे. सुमारे साडेचार किलोमीटरचा घेर बुजवायला माती कुठून आणणार. पण मोठेपण हे अर्धेच उत्तर आहे. मोठी तळीही कडेकडेने खात खात लहान करता येतात, हे महाराष्ट्रातल्या अनेक शहरांनी दाखवून दिले आहे. माझ्या मते रंकाळा वाचला, कारण पाण्याची गरज संपण्याच्या सुमारास लोकांना त्याच्याकडे बघण्याची गरज वाटू लागली. आणि कोल्हापुरात तळ्याकडे बघणारा, निव्वळ बघणारा, पहिला मोठा माणूस आबालाल रहिमान.

आबालालांचे नाव चित्रकलेच्या मंडळींत आदराने घेतले जाते, पण आपल्या घरांत ते अपरिचित आहे. त्यांचे मूळ नाव अब्दुल अजीज. जन्म १८६० च्या आसपासचा. वडील अरबी-फारसीचे जाणकार आणि कुराण शरीफच्या हस्तलिखित प्रती नक्षीने सजवणारे. छापखान्याची पुस्तके स्वस्त होण्याआधी हा मोठ्या मानाचा हुन्नर होता. ज्या घरात वेलबुट्टी, सोन्याची शाई, हाशिया आणि खुशखत रोज डोळ्यांसमोर असते, त्या घरातला मुलगा रेषेचा जाणकार निघावा यात नवल नाही. आमच्या उर्दू शाळांत आज खुशखतीचा तास नावालाच उरला आहे. बोरू कसा कापतात हे दाखवायलासुद्धा माणूस मिळत नाही. असो.

असे सांगतात की कोल्हापुरातल्या इंग्रज रेसिडेंटच्या पत्नीने या तरुणाची रेखाटने पाहिली आणि त्यांची मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मोकळी झाली. तिथे त्यांनी नाव कमावले, व्हाइसरॉयचे पदक मिळवले. राजा रविवर्मा (१८४८ ते १९०६) यांची कीर्ती तेव्हा देशभर होती. देवादिकांची आणि राजेराण्यांची तैलचित्रे करून मुंबईत किंवा एखाद्या मोठ्या दरबारात बस्तान बसवावे, ही त्या काळच्या हुशार चित्रकाराची सरळ वाट. आबालाल कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या काठी राहू लागले.

कोटितीर्थ हे रंकाळ्याच्या मानाने फारच लहान तळे. तेव्हा ते गावाबाहेर होते. भोवती झाडी, काठाला देऊळ, बाकी वर्दळ नाही. आबालालांनी कित्येक वर्षे तिथे जवळजवळ फकिरासारखी काढली. पैसा नव्हता, पैशाच्या मागे धावण्याची इच्छाही नव्हती. रंग विकत घेणे परवडेना तेव्हा माती, दगड, पाने यांपासून ते स्वतः रंग करत, असे जुने लोक सांगत आले आहेत. आणि ते रोज काय काढत? कोटितीर्थाचे पाणी, रंकाळा, रंकाळ्यातला संध्यामठ, पंचगंगेचा काठ. सकाळचे, दुपारचे, दिवेलागणीचे. पावसाळ्यातले, उन्हाळ्यातले. ज्यावर कोणी ग्राहक बोली लावणार नाही असे विषय.

संध्यामठ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रंकाळ्याच्या कडेला पाण्यातच एक दगडी मंडप आहे. पाणी भरपूर असले की तो निम्मा बुडतो, पाणी उतरले की पायापासून दिसू लागतो. कोल्हापूरकर त्याच्याकडे पाहून सांगतात, यंदा पाऊस किती झाला. आबालालांच्या चित्रात हा मठ आहे, पण देऊळ म्हणून नाही. तिथे खरे चित्र आहे ते दगडावरच्या उन्हाचे आणि पाण्यातल्या त्याच्या सावलीचे. रंगाचे लहान लहान फटकारे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी प्रकाश उभा केला आहे. त्याच दशकांत फ्रान्समध्ये क्लोद मोने हा चित्रकार हेच करत होता. त्याने १८९३ मध्ये जिव्हर्नी गावी जमीन घेऊन स्वतःच्या बागेत तळे खोदवले आणि मरेपर्यंत, म्हणजे १९२६ पर्यंत, त्यातली कमळे रंगवली. आबालाल परदेशी गेले नाहीत. त्यांना तळे खोदवावे लागले नाही. गावाचे होते, तेच त्यांचे. मोनेच्या तळ्याचे आज जगभरातले लोक तिकीट काढून दर्शन घेतात.

शाहू महाराजांना गुणी माणसे हेरण्याची नजर होती. गायनात अल्लादियाखाँसाहेबांना त्यांनी कोल्हापुरात आणून ठेवले, तसे आबालालांना दरबारी चित्रकार नेमले. शिकारीचे, हत्तींचे, दरबाराचे प्रसंग आबालालांनी त्यांच्यासाठी काढले, पण त्यांचा जीव रमला तो तळ्याकाठीच. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. या घटनेने आबालाल इतके खचले की त्यांनी आपली चित्रे मोठ्या संख्येने स्वतःच नष्ट केली, असे सांगितले जाते. ते स्वतः १९३१ मध्ये वारले. आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात त्यांची काही चित्रे आहेत. जे वाचले त्यावरून जे गेले त्याचा अंदाज करावा लागतो. बाबूराव पेंटर आणि त्यांच्यानंतरच्या कोल्हापूरच्या निसर्गचित्रकारांनी त्यांना गुरुस्थानी मानले. रविवारी सकाळी पाठीवर पेटी टाकून रंकाळ्यावर बसणारी चित्रकला महाविद्यालयाची पोरे आजही दिसतात. ती कोणाच्या वाटेवर बसली आहेत, हे त्यांच्या गुरुजींना नक्की ठाऊक असते.

आबालालांमुळे लोक तळे बघायला जाऊ लागले, असे मी म्हणत नाही. तसा दावा कोणी करू नये. पण त्यांच्याच हयातीत हळूहळू ही नवी सवय कोल्हापुरात रुजली, एवढे निश्चित. ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी, १९३१ मध्ये, रंकाळ्याच्या काठी शालिनी पॅलेसचे काम सुरू झाले आणि १९३४ मध्ये ते पुरे झाले. राजकन्या शालिनीराजे यांच्या नावाचा हा काळ्या दगडाचा वाडा म्हणजे तळ्याकडे तोंड करून बांधलेले घर. पूर्वी घरे तळ्याजवळ बांधत ती पाण्यासाठी, हे बांधले ते देखाव्यासाठी. त्याच दशकात शालिनी सिनेटोन हा चित्रपटांचा स्टुडिओ रंकाळ्यावर उभा राहिला. पुढे चौपाटी आली. मुंबईच्या समुद्रावरून नाव उचलून तळ्याला देणे हे कोल्हापुरी माणसालाच सुचू शकते. मग भेळेच्या गाड्या आल्या आणि मग आमच्या मुलांच्या निबंधात रंकाळा आला.

या बघण्यातून रंकाळ्याला राखणारी माणसेही मिळाली. शहराचे सांडपाणी नाल्यांवाटे त्यात वर्षानुवर्षे जात राहिले, केंदाळ माजले, २०१० नंतरच्या काही वर्षांत तर पाणी हिरवेगार होऊन त्याला वास सुटला. त्याआधीच केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत त्याचा समावेश झाला होता. पैसे आले, कामे झाली, काही अर्धवट राहिली, त्यावर वाद झाले. परंतु प्रत्येक वेळी गावात ओरड झाली. फिरायला येणाऱ्या माणसाच्या नाकाला वास आला की तो नगरसेवकाला गाठतो, वर्तमानपत्रात पत्र लिहितो, केंदाळ काढायला रविवारी स्वतः उतरतो. ज्या तळ्यावर कोणी फिरायलाच जात नाही त्याच्यासाठी ओरडणार कोण?

कोटितीर्थाचे नेमके हेच झाले. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी कोटितीर्थाला लागून कापडाची गिरणी उभी केली. (मुसलमान मुलांसाठी कोल्हापुरात बोर्डिंग निघाले तेही याच वर्षी.) गिरणीला पाणी लागते, आणि हे तळे तिच्या हाताशी होते. कोटितीर्थ बुजले नाही याचे हे एक मोठे कारण मला दिसते. त्याचा उपयोग चालू राहिला. गिरणीच्या भोंग्यावर गावाची घड्याळे लागत. शेजारी उद्यमनगर वाढले, लेथ आले, ऑइल इंजिनांचे कारखाने आले, आणि गावाबाहेरचे तळे गावाच्या पोटात गेले. शिरोलीची एमआयडीसी ही त्याच उद्यमनगरची पुढची पिढी. माझ्या विद्यार्थ्यांच्या वडिलांना जे ओतकाम येते त्याची मुळे त्या गल्ल्यांत आहेत. पुढे गिरणी बंद पडली. आता कोटितीर्थाचे पाणी कोणाला लागत नाही. तळ्यात मूर्ती विसर्जित होतात, निर्माल्य पडते, अधूनमधून मासे मरून तरंगल्याची बातमी येते. आजूबाजूच्या वस्तीतले काही लोक सकाळी काठावर फेरी मारतात, त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत. पण शिरोलीहून कोणी मुलांना घेऊन कोटितीर्थ दाखवायला जात नाही. तिथे भेळ मिळत नाही, हे एक कारण. दुसरे कारण, तिथे बघण्यासारखे काय आहे हे सांगणारी पाटी नाही.

बुजवलेल्या तळ्यांचे पाणी मात्र कुठे गेले असे नाही. गांधी मैदान दर पावसाळ्यात भरते. थोडा जोराचा पाऊस झाला की वरुणतीर्थ आपल्या जागेवर परत येते, मैदानाच्या कठड्यापाशी उभे राहून लोक बघतात, आणि महापालिकेचे पंप लागतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांशी याची गल्लत करू नये. ते पाणी पंचगंगेचे होते, त्याची कारणे वेगळी आणि मोठी आहेत. तेव्हा आमच्या शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावरच नदी आली होती, ट्रकच्या रांगा उभ्या होत्या, आणि शहर व आम्ही एकमेकांपासून तुटलो होतो. पण साध्या पावसात पेठांत जे पाणी तुंबते त्याला जुनी तळी आणि त्यांना जोडणारे ओढे आठवावेच लागतात. नकाशावरून तळे पुसता येते, जमिनीचा उतार पुसता येत नाही.

गेल्या वर्षी सहलीची चर्चा निघाली तेव्हा मी वर्गात फळ्यावर शहराचा ओबडधोबड नकाशा काढला आणि मुलांना माहीत असलेल्या जागा विचारल्या. मंडई, स्टेडियम, गांधी मैदान, बाग, रंकाळा. प्रत्येक ठिकाणी खडूने निळा गोल काढत गेलो. फुटबॉलचे वेड असलेल्या एकाला स्टेडियमखाली तळे होते हे काही केल्या खरे वाटेना. मग आबालालांची गोष्ट सांगितली. वडील कुराण शरीफ लिहून सजवत, मुलगा तळी रंगवत असे. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचा हात चांगला चालतो आणि जिची वही मी नेहमी भिंतीवर लावतो, तिने एवढेच विचारले, की त्यांनी एवढी चित्रे नष्ट केली तेव्हा त्यांना कोणी अडवले का नाही. माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. दुसऱ्याने विचारले, त्यांचे नाव मराठी होते की उर्दू. आबा आणि लाल आणि रहिमान. हा प्रश्न मला आवडला. कोल्हापूरच्या बोलीने अब्दुल अजीजचा आबालाल केला आणि त्यांनी तो आयुष्यभर नाव म्हणून वापरला, एवढे मी त्याला सांगितले.

सहलीचे ठरले ते असे. आधी कोटितीर्थ, मग रंकाळा. कोटितीर्थावर प्रत्येकाने वहीत पाण्याचे एक चित्र काढायचे, मगच भेळ. पालकांच्या सभेत एका मोल्डिंगवाल्या वडिलांनी विचारले, ते शाहू मिलजवळचे तळे का? त्यांचे आजोबा त्या गिरणीत कामाला होते. दुपारच्या सुटीत काठावर बसून भाकरी खात, असे त्यांनी घरी ऐकले होते. ते म्हणाले, मी पण येतो, सुटी टाकतो.